हळदीत पोलीस

नंदिनी मिरजकरला राग पटकन यायचा आणि त्याचं तिला कौतुकच होतं. सांगलीची बाई, बोलायला सडेतोड, लग्न होऊन नेरूळला आली आणि सीवूड्सच्या एका शाळेत समुपदेशक म्हणून लागली. शाळेचं नाव घेऊन काय करायचंय, आपल्याला बाईशी मतलब. पोरांच्या बाजूने उभं राहायचं तर अंगात धमक लागते, असं ती म्हणायची, आणि नुसतं म्हणायची नाही. गणिताच्या सरांनी एका पोराला वर्गासमोर 'ढ' म्हटलं, तर ही त्यांच्या उघड्या डब्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सरांनी पोराची माफी मागितल्यावरच हलली. पोरं तिच्या खोलीत मोकळेपणाने यायची. खोलीत दोनच खुर्च्या होत्या, एक तिची आणि एक पोराची. भिंतीवर फ्रेममध्ये एक प्रशस्तिपत्र होतं. 'सांस्कृतिक संवेदनशीलता, ऑनलाइन प्रशिक्षण, विशेष प्रावीण्यासह.' विशेष प्रावीण्य, बरं का. ते ध्यानात असू द्या.

दहावीतल्या ऋषीचं प्रकरण तिने कसं हाताळलं, याचं तर शाळेत सगळ्यांना कौतुक. पामबीच रोडवरच्या टॉवरमधला पोरगा, पाठीवर पट्ट्याचे वळ. नंदिनीने त्याच्या बापाला बोलावून घेतलं, एकदा नाही, तीनदा. मुख्याध्यापिका स्मिता मॅडमच्या केबिनमधली गादीची खुर्ची त्याच्यासाठी आणवली, कॅन्टीनमधून कॉफी मागवली. मोठ्या कंपनीतला माणूस, नोकरीचं टेन्शन, हात सुटतो, पण मनाने वाईट नाही, असं तिचं मत पडलं. त्याने पुन्हा हात लावणार नाही म्हणून शब्द दिला. तिने तो ठेवून घेतला आणि प्रकरण मिटलं.

आता दुसरी बाजू ऐका. लग्न झाल्यावर सुरुवातीला ती आणि नवरा स्वानंद करावे गावात भाड्याने राहायचे. एका संध्याकाळी लेक तापाने फणफणलेली आणि खाली हळदीचा डीजे असा की खिडकीच्या काचा थडथडत होत्या. स्वानंद विनंती करायला खाली उतरला, तर नाचणाऱ्यांतला एक म्हणाला, "जमत नसेल तर गाव सोडा." त्यांनी सोडलं, नेरूळला फ्लॅट घेतला. पण नंदिनीने ते वाक्य गाठ मारून ठेवलं. तेव्हापासून गाव म्हणजे तिच्या लेखी गळ्यात सोन्याचे गोफ, जमिनीचा पैसा, दारू, डीजे, आणि पोरगी वयात आली की तिला उजवून मोकळं होणं. हे आपल्याला वाटतं असं तिला कधी वाटलंच नाही. हे आपल्याला माहीत आहे असं ती धरून चालायची, आणि सगळा घोळ तिथेच होता.

तर त्या वर्षी तुळशीची लग्नं लागली आणि सुचिताचं काहीतरी बिनसलं. सुचिता तांडेल, करावे गावातली, दहावीच्या वर्गाची मॉनिटर, अभ्यासात बरी. ती सोमवारी गैरहजर राहायला लागली. आली तरी बाकावर डोकं ठेवून झोपायची. आवाज पार बसलेला. परीक्षा तोंडावर आली तरी तेच. एक दिवस वर्गशिक्षिकेने तिचे हात पाहिले, तर ते कोपरापर्यंत पिवळे. तिने पोरीला तशीच नंदिनीकडे पाठवली.

"हळद कुणाची?" नंदिनीने विचारलं.

"ही दुसरीकडची होती मॅडम. आमच्या घरची शनिवारी हाय." जीभ चावून तिने सुधारलं, "आहे."

"घरची?"

"हो. मला त्यात आईबरोबर—"

"कळलं मला," नंदिनी म्हणाली. "रडलीस ना खूप? आवाज बघ कसा बसलाय."

"रडले नाही मॅडम, मी तर—"

"बाळा, माझ्याशी खोटं बोलायची गरज नाही. कुणाला घाबरू नकोस. तू दहावीची परीक्षा देणार, हा माझा शब्द."

"देणारच आहे की," सुचिता गोंधळून म्हणाली.

नंदिनीला तो पोरीचा भाबडेपणा वाटला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा वर्षांची पोर, बोर्डाच्या परीक्षेआधी हळद. सुचिता दारात घुटमळली, अजून काही सांगायचं असल्यासारखी, पण नंदिनीने तोवर फोन उचलला होता. शाळेचा नियम असा, की आधी पालकांशी बोलायचं. ऋषीच्या वेळी तो नियम तिने पाळला होता. या खेपेला तिने मनाशी म्हटलं, आईला कळलं तर पोरीला कुठेतरी नेऊन लग्न उरकतील, यांचं सगळं गाव एक. तिने बालकांच्या मदतवाणीचा नंबर फिरवला आणि ठामपणे सांगितलं की बालविवाह होतोय, शनिवारी हळद आहे, माझी खात्री आहे. खात्री हा शब्द तिचा. ज्यांनी फोन घेतला त्यांनी आपलं काम केलं, त्यांना बोल लावायचं कारण नाही.

शनिवारी संध्याकाळी बालसंरक्षणाची एक बाई, दोन पोलीस आणि नंदिनी करावे गावात पोचले. नंदिनीला यायची गरज नव्हती. पोरीला आधार म्हणून जाते, असं तिने स्वानंदला सांगितलं. खरं सांगायचं तर तिला त्या लोकांची तोंडं बघायची होती.

डीजे नव्हता, पहिली निराशा तीच. मांडवात बायका दाटीवाटीने खाली बसल्या होत्या आणि मधे एक बाई गात होती. सावळी, चाळिशीतली, कपाळ मोकळं. तिच्या मांडीला मांडी लावून सुचिता बसली होती. गाणारी ती तिची आई. ती थांबली आणि पुढची ओळ सुचिताने एकटीने उचलली, त्याच बसलेल्या, घोगऱ्या आवाजात:

"मांडवाचे दारी कोन उबी गो बाय,
हलदीचे वाटीला हात लावी गो बाय..."

पोरीचे डोळे मिटलेले होते. समोर पाटावर दुसरीच एक मुलगी बसली होती, अंगाला हळद लावून घेत. एवढं दिसत असूनही नंदिनी पुढे झाली आणि म्हणाली, "हीच ती. सुचिता, ऊठ."

गाणं तुटलं.

पोलिसाने विचारलं, नवरी कोण. पाटावरची मुलगी उभी राहिली. "मी सोनम. सव्वीस वर्षांची आहे, वाशीला बँकेत काम करते. नवरा उलव्याचा, तो अठ्ठावीसचा. आधार आणू?" तिच्या गालावरची हळद ओघळत होती, आवाज संतापलेला होता. तिचा बाप नामदेव, सुचिताचा चुलता, खुर्च्या बाजूला सारत आला. बालसंरक्षणाच्या बाईने दोन प्रश्न विचारले, सुचिताशी बाजूला बोलली आणि तिला सगळं कळलं. गावात हळद नुसती लावत नाहीत, गाऊन लावतात. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत एकेका कामाचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी ती धवलारीण. सुचिताची आई सगुणा ही धवलारीण. नवरा वारला तरी तिच्यावाचून गावात कुणाची हळद लागत नाही. दर शनिवार-रविवार ती लेकीला हाताशी घेऊन शिकवत होती. हात पिवळे का, आवाज का बसला, सोमवारी झोप का येते, याचं उत्तर एवढंच होतं. नंदिनीने पोरीला वाक्य पुरं करू दिलं असतं तर ते खोलीतच मिळालं असतं.

"उतावला नवरा नं गुडघ्याला बाशिंग," भागीरथी नावाची एक म्हातारी म्हणाली. काही बायका हसल्या. सगुणा हसली नाही. धवला मधेच तुटणं म्हणजे तिथल्या बायकांच्या लेखी नवरीला अपशकुन, आणि तो सुचिताने पहिल्यांदाच एकटीने उचललेला धवला होता. सगुणा नंदिनीकडे बघत राहिली. नंदिनी खाली मान घालून गाडीत जाऊन बसली.

सोमवारी सुचिता आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी नामदेवचा फोन आला. "शालेनी मांडवान पोलीस धाडला. आमची पोर आता शालेन येनार नाय. परीक्षा नको नं काय नको." हॉल तिकिटं शनिवारी शाळेतच वाटायची होती, परीक्षा सोमवारपासून. नंदिनी धावत स्मिता मॅडमकडे गेली.

स्मिता मॅडम शांत होत्या. "तू चांगल्या हेतूने केलंस. माफीबिफी मागायची नाही, उद्या कोर्टात जातील. आणि खरं सांगू, या लोकांचं असंच असतं. पोरगी यंदा नाही तर पुढच्या वर्षी उजवतीलच."

आठवडाभरापूर्वी नंदिनीने मान डोलावली असती. हेच शब्द, हाच सूर, ती स्वतः चहाच्या सुट्टीत बोलत आली होती. आज ते दुसऱ्याच्या तोंडून तिला सोसवेनात. "ती पोरगी उजवायला नाही, गायला बसली होती," ती म्हणाली. "आणि तिची परीक्षा आपण बुडवतोय, तिच्या घरच्यांनी नाही." ती दार आपटून बाहेर पडली. दार आपटणं सोपं होतं, राग कुणावर काढायचा ते अवघड होतं.

संध्याकाळी ती एकटी चालत गावात गेली. सगुणा ओट्यावर कोळंबी सोलत बसली होती.

"दारान आलीस तं बस," सगुणा म्हणाली. "पन चाय मी देनार नाय."

शाळेत कुणाच्या आईने तिला असं एकेरी म्हटलं असतं तर नंदिनी ताठली असती. ती खाली बसली. "माझी चूक झाली," ती म्हणाली.

"चूक? चूक मिठाची होते. माजे हातानचा धवला आजवर तुटला नव्हता. पोरीचे पयले धवल्यान तू पोलीस आनलास. सासरकडची मानसा बोलतान, नवरीचे मांडवान पोलीस आलता. सोनमला जल्मभर आयकाचा हाय ता." सगुणाचा आवाज चढला नाही, पण तिचे हात थांबले होते. "मना फोन कराचा व्हता. नंबर नव्हता माजा?"

"होता," नंदिनी म्हणाली.

"मग?"

 तेवढ्यात आतून सुचिता आली, शाळेत असल्यासारखी हात मागे बांधून उभी राहिली आणि शाळेच्या मराठीत बोलायला लागली. तीच भाषा नंदिनीला जास्त झोंबली.

"ऋषीच्या पप्पांना तुम्ही तीन वेळा बोलावलंत मॅडम. त्यांची कॉफी मीच आणून दिली होती, मॉनिटर म्हणून. खुर्ची पण मीच उचलली. त्याच्या पाठीवर वळ होते, तरी तुम्ही पोलिसांना नाही बोलावलं. माझ्या हाताला हळद होती तर बोलावलं."

"ते वेगळं—" नंदिनी म्हणाली. वेगळं काय होतं, हे तिला स्वतःलाच ऐकू आलं. टॉवर होता. इस्त्रीचा शर्ट होता. ऋषीचा बाप बोलायचा तशीच भाषा ती स्वतः बोलायची. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ती पालकसभेत पालकांना ऐकवायची.

"आणि ऋषी अजून मार खातो," सुचिता म्हणाली. "फक्त आता पाठीवर नाही, दिसणार नाही असा. तो तुम्हाला सांगत नाही, कारण तुम्ही त्याच्या पप्पांना कॉफी देता."

नंदिनीला कुणी कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं. तिला सगुणाचा राग आला, पोरीचा आला, त्या बापाचा आला, आणि एकेक राग फिरून तिच्याच दारात येऊन बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ना, तसं तिने केलं होतं, आणि वर शाबासकी घेतली होती. "पोरीला परीक्षेला पाठवा," ती कशीबशी म्हणाली. "मला काय बोलायचं ते बोला, पण तिचं वर्ष घालवू नका."

"पोरीची परीक्षा मना नको सांगू. दीर बोलतो नको, मी बोलते जाईल. पन तोंड घेऊन कशी जाईल ती?" सगुणाने कोळंबीचं ताट बाजूला सारलं. "माफी इथं ओट्याव नको. गाडी आनलीस मांडवान, तं माफी बी मांडवान. परवा खालचे आलीन हलद हाय. तितं ये. समद्यांसमोर बोल. नामदेव बी येल."

दुसऱ्या दिवशी नंदिनीने ऋषीला बोलावलं. तिने काही विचारलं नाही. तो पाच-दहा मिनिटं पेन उघडत-मिटत राहिला, तरी ती बोलली नाही. मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर ओढून पोटऱ्या दाखवल्या. तिने त्याच्यासमोरच मदतवाणीचा नंबर फिरवला. स्मिता मॅडम धावत आल्या. "अगं, वार्षिक स्नेहसंमेलनाचा खर्च त्याचे वडील देतात. आधी बोलावून घेऊ, समजावू."

"तीनदा समजावलं. तुमची गादीची खुर्ची देऊन समजावलं," नंदिनी म्हणाली. "तांडेलच्या वेळी मी थेट फोन केला, तेव्हा तुम्ही चांगला हेतू म्हणालात. आज काय झालं?"

"तू स्वतःचा राग शाळेवर काढतेयस," स्मिता मॅडम म्हणाल्या. त्यात थोडं तथ्य होतं. नंदिनीने फोन ठेवला नाही.

हळदीला ती गेली, स्वानंदला न सांगता. खालच्या आळीत मांडव भरला होता. नामदेव हाताची घडी घालून खांबाजवळ उभा होता. सगुणाने तिच्या हातात माइक दिला. नंदिनीने वाटेत वाक्यं जुळवली होती. "माझ्या मनातील पूर्वग्रहांमुळे आपल्या सांस्कृतिक भावनांना..."

"बाय, मराठीन बोल," भागीरथी म्हातारी खालून म्हणाली.

मांडव हसला. नंदिनीचे कान तापले. तिने जुळवलेली वाक्यं सोडून दिली.

"मी सगुणाताईंना फोन केला नाही," ती म्हणाली. "केला असता तर एका मिनिटात कळलं असतं. केला नाही, कारण तुम्ही गाववाले. मला वाटलं, तुम्ही पंधरा वर्षांची पोर उजवाल. टॉवरमधल्या माणसाबद्दल मला असं वाटलं नसतं. टॉवरमधल्या एका माणसाने पोराला फोडून काढलं, तरी मी त्याला कॉफी पाजली. सुचिताने काही केलेलं नाही. तिच्या आईने काही केलेलं नाही. पोलीस मी आणले, आणि खोटं सांगून आणले. सोनमच्या सासरी कुणाला शंका असेल तर मी उलव्याला येऊन हेच सांगेन."

टाळ्या पडल्या नाहीत, कुणी डोळे पुसले नाहीत. नामदेव हाताची घडी सोडून बाहेर निघून गेला. सगुणाने माइक काढून घेतला.

"झाला? आता बस. नं धवला संपस्तोवर उठाचा नाय."

नंदिनी बसली. सगुणाने सूर धरला. सुचिताने दुसरी ओळ उचलली, तिच्याकडे न बघता. नंदिनीचे पाय बधीर झाले, घरून फोन येत राहिले, तिने घेतले नाहीत. शब्द तिला निम्मे कळत नव्हते. ते समजावून सांगा, असं म्हणायचा तिला तिथे हक्क नव्हता, आणि ती म्हणाली नाही.

हॉल तिकिटं वाटायच्या दिवशी ती सकाळपासून फाटकाशी उभी होती. पोरं आली, घेऊन गेली. अकरा वाजून गेले. साडेअकराला सगुणाच्या स्कूटरवरून सुचिता उतरली, ऑफिसात गेली, सही करून बाहेर आली. हाताला हळद होतीच. नंदिनीने नुसतं बघितलं, बोलली नाही. बोलायची तिला भीतीच वाटत होती. सुचिता आपणहून थांबली.

"ऋषी आत्याकडे राहतोय मॅडम. त्याने सांगायला सांगितलं."

"बरं झालं. तुझा अभ्यास?"

"होईल." तिने हॉल तिकीट दप्तरात ठेवलं. "आमच्या गावातल्या नववीच्या दोघी मला विचारत होत्या, तुमच्याकडे जाऊ का म्हणून. मी सांगितलं, जा. मॅडम चांगल्या आहेत."

नंदिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पण सांगितलंय, एकटं जायचं नाही," सुचिता म्हणाली. "आईला घेऊन जायचं. आपण बोलायच्या आधी मॅडम बोलतात."

ती स्कूटरवर बसली आणि आईच्या कमरेला धरून निघून गेली. नंदिनी फाटकाशी उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला राग आला नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं. मग ती वर गेली, भिंतीवरची फ्रेम उतरवून कपाटात टाकली आणि शिपाई नंदकिशोरला हाक मारून खोलीत आणखी एक खुर्ची आणायला सांगितली.

"स्मिता मॅडमची गादीची आणू?" त्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "पोरांच्यासारखीच आण. आया येतील."